बॉयलर बदलण्यापूर्वी गॅसच्या पाईपचा विचार



स्मरणिकेत धम्म, चळवळ आणि शिक्षण यांवरचे लेख वाचण्याची आपल्याला सवय आहे. त्यांच्या पंगतीत बॉयलरवरचा लेख पाहून काहींना नवल वाटेल. परंतु ब्रिटनमध्ये संसार थाटलेल्या आपल्या सभासदांच्या घरात हिवाळाभर सर्वांत जास्त राबणारी वस्तू कोणती असेल, तर ती बॉयलर. नागपूर, अमरावती, मुंबईहून शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांनी तर ही वस्तू गावाकडे कधी पाहिलेलीही नसते. म्हणून या विषयाची प्राथमिक माहिती देण्याचे आम्ही ठरविले.

बॉयलर नेमका कडाक्याच्या थंडीत बंद पडतो. घरात तान्हे मूल, म्हातारी आई आणि बाहेर बर्फ, अशा वेळी जो कारागीर आधी येईल त्याच्या हाती काम सोपवले जाते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात असेच झाले. नवा, मोठ्या ताकदीचा बॉयलर जुन्याच बारीक पाईपवर जोडला गेला. शेगडी पेटवली की आंघोळीचे पाणी कोमट होई. पुढे दुसऱ्या कारागिराने तपासले तेव्हा बॉयलरपाशी गॅसचा दाबच कमी भरला. नवा पाईप टाकण्यासाठी नुकतीच बसवलेली लाकडी जमीन उचकटावी लागली. पैसा दोनदा गेला आणि मनस्ताप झाला तो वेगळाच.

पाईप अपुरा का पडतो? जुन्या पद्धतीचा बॉयलर टाकीतले पाणी सावकाश तापवीत असे. त्याला बहुधा १५ ते १८ किलोवॅटची ताकद पुरे. आजच्या कॉम्बी बॉयलरला टाकी नसते. तोटी उघडताच पाणी त्याच क्षणी तापवायचे असल्याने त्याची ताकद २४ ते ३५ किलोवॅट किंवा त्याहूनही अधिक असते. ताकद वाढली की गॅसही जास्त लागतो, आणि पाईप मात्र जुनाच राहतो.

येथे गॅसमीटरमधून गॅस साधारण २१ मिलीबार दाबाने घरात येतो. मीटरपासून बॉयलरपर्यंत जाताना हा दाब १ मिलीबारपेक्षा जास्त घटू नये, असा पाईपच्या आखणीचा नियम आहे. दाब किती घटेल हे तीन गोष्टींवर ठरते : वाहणारा गॅस, पाईपची लांबी आणि पाईपची जाडी. प्रत्येक एल्बोमुळेही अडथळा होतो. म्हणून एक एल्बो म्हणजे अर्धा मीटर जादा लांबी असे धरतात.

एक उदाहरण घेऊ. मीटरपासून बॉयलरपर्यंत पाईप ९ मीटर आहे आणि वाटेत ६ एल्बो आहेत. म्हणजे हिशेबाची लांबी ९ अधिक ३, एकूण १२ मीटर. ३० किलोवॅटच्या कॉम्बीला पूर्ण ताकदीने चालताना तासाला सुमारे ३.२ घनमीटर गॅस लागतो. आता १२ मीटर लांबीला तांब्याचा पाईप तासाला किती गॅस नेऊ शकतो ते पाहा :

१५ मि.मी. पाईप – १.३ घनमीटर
२२ मि.मी. पाईप – ३.९ घनमीटर
२८ मि.मी. पाईप – ८ घनमीटर

१५ मि.मी.चा पाईप येथे निम्म्यालाही पुरत नाही. २२ मि.मी.चा पुरतो, पण केवळ बॉयलरपुरता. त्याच पाईपवरून पुढे शेगडीचा फाटा निघत असेल आणि शेगडीला ०.८ घनमीटर लागत असेल, तर बेरीज ४ घनमीटर होते. तेव्हा मीटरपासून फाट्यापर्यंतचा सामाईक भाग २८ मि.मी.चा हवा आणि तेथून बॉयलरपर्यंत २२ मि.मी. चालेल. अंतिम हिशेब कारागिरानेच करावयाचा आहे. पण त्याला योग्य प्रश्न विचारण्याइतके ज्ञान आपल्याजवळ असावे.

म्हणून आमची विनंती अशी की, बॉयलर म्हातारा झाला असेल तर उन्हाळ्यातच आखणी करा. हीट पंप घ्यावयाचा की बॉयलरच, हे आधी ठरवा. बॉयलर ठरल्यास त्याची जागा निश्चित करा. तो मीटरच्या जितका जवळ, तितका पाईप आखूड. स्वयंपाकघराची दुरुस्ती किंवा नवी जमीन घालायची असेल, तर पाईप त्याआधी टाकून घ्या. दरपत्रक मागताना पाईपची जाडी, त्याचा मार्ग आणि फरशी-भिंतीची डागडुजी त्यात धरली आहे काय, हे लेखी घ्या. काम झाल्यावर बॉयलर पूर्ण ताकदीने आणि शेगडी पेटवून दाब मोजून दाखवावयास सांगा.

गॅसचे काम स्वतः करू नये, ओळखीच्या हरहुन्नरी माणसाकडूनही करवू नये. १ एप्रिल २००९ पासून ब्रिटनमध्ये ‘गॅस सेफ रजिस्टर’ ही नोंदणी लागू आहे. कारागिराचे ओळखपत्र मागावे आणि त्याच्या मागील बाजूस तो कोणत्या कामास पात्र आहे ते वाचावे. यात संकोच कसला?

भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे खास लक्षात ठेवावे. घरमालकाने गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तिचा दाखला नव्या भाडेकरूला राहावयास येण्यापूर्वी मिळाला पाहिजे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणे हीही मालकाचीच जबाबदारी आहे. या विषारी वायूला रंग नाही, वासही नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे. ती परीक्षेच्या ताणाची समजून झोपून राहू नका. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटत असेल तर शंका घ्यावी. गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला, तर दारे-खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करा. मालक रागावेल, खोली जाईल, या भीतीने गप्प बसू नये. आपला हक्क मागणे हा उद्धटपणा नव्हे, हे बाबासाहेबांच्या लेकरांना वेगळे सांगावयास नको.

१९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहून शिकले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले. त्याच शहरात आज आपली मुले शिकत आहेत. ती सुखरूप राहावीत, ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे. तथागतांनी अप्रमादाला, म्हणजे सावधपणाला, मोठे स्थान दिले. तो सावधपणा विहारात जसा हवा, तसा घरातल्या गॅसच्या पाईपपाशीही हवा, एवढेच आमचे नम्र सांगणे.

नमो बुद्धाय! जय भीम!