‘ब्रीडेड आहे’ म्हणजे नक्की काय?

पाळायला साप घेताना ‘जंगलातला की ब्रीडेड?’ एवढं विचारलं की झालं, असं आपल्याला वाटतं. पण त्या एका शब्दामागे आफ्रिकेतलं बीळ, विमानतळावरची बॅग आणि सरकारी पोर्टल अशी मोठी साखळी आहे.

मांजर झालं, हॅमस्टर झाला, आता साप! इन्स्टावर जरा स्क्रोल केलं की गळ्यात पिवळा-पांढरा अजगर घालून बसलेलं कुणीतरी भेटतंच. खाली कमेंट्समध्ये दोन प्रश्न ठरलेले : ‘चावतो का?’ आणि ‘कितीला मिळाला?’ तो आला कुठून, हे मात्र फार कमी जण विचारतात. आणि विचारलंच, तर उत्तर येतं, ‘अरे, ब्रीडेड आहे, टेन्शन नको.’ तेव्हा आधी या उत्तराचीच उलटतपासणी करू.

आपले साप : विषयच कट

सुरुवात घरापासून. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे सगळे आपल्याकडचे साप १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. ते पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. नाग आणि अजगर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. तिथल्या गुन्ह्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

इथे ‘ब्रीडेड’ हा शब्द कामाला येत नाही. बेकायदा पाळलेल्या अजगरानं तुमच्या घरात अंडी घातली, तर ती पिल्लंही कायद्यानं सरकारची मालमत्ता ठरतात. मांडुळाची गोष्ट तर आणखी वाईट. तो बिनविषारी आणि गरीब साप. शेपूट तोंडासारखी दिसते म्हणून ‘दुतोंड्या’ म्हटला जातो. गुप्तधन आणि पैशांचा पाऊस यांच्या अंधश्रद्धेपायी तो लाखोंच्या बाता मारून विकला जातो आणि पिशवीत गुदमरून मरतो. सोसायटीत निघालेला साप पकडून रीलसाठी दोन दिवस बरणीत ठेवणं, हेही कायद्यात बसत नाही.

आफ्रिकेतलं बीळ ते काचेची पेटी

मग लोक पाळतात ते कोणते? बहुतेक वेळा बॉल पायथन. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. लांबी साधारण तीन ते पाच फूट, विष नाही. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करतो, म्हणून ‘बॉल’. हाताळायला शांत वाटतो, कारण घाबरल्यावर तो पळत नाही, आक्रसतो.

घाना, टोगो आणि बेनिन या तीन देशांतून १९७०च्या दशकापासून ३० लाखांहून जास्त बॉल पायथन परदेशी गेल्याची नोंद आहे. २०२१मध्ये आययूसीएन या जागतिक संस्थेनं त्याला ‘संकटसमीप’ यादीत टाकलं. ही मादी एका वेळी जेमतेम पाच-सहा अंडी घालते. त्यामुळे गेलेली संख्या भरून यायला वेळ लागतो.

आता खरी गोम. या धंद्यात ‘जंगलातला’ आणि ‘ब्रीडेड’ यांच्या मधे एक तिसरा प्रकार आहे, रँच्ड. यात अंडी घालण्याच्या बेतातली मादी किंवा थेट अंडीच बिळं उकरून आणली जातात. पिल्लं बाहेर पडतात फार्मवर आणि जातात निर्यातीला. म्हणजे पिल्लू ‘फार्मवर जन्मलेलं’ खरंच, पण आई जंगलातून उचललेली. विकणारा खोटं बोलत नाही, फक्त अर्धंच सांगतो.

जंगलातून आणलेल्या सापाच्या अंगावर गोचिड्या आणि पोटात जंत असू शकतात. बंदिवासाच्या ताणामुळे अनेक साप खाणंच सोडतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसाकडे वाढलेला साप तुलनेनं निरोगी असतो आणि मेलेला, फ्रीझरमधला उंदीर खायला सरावलेला असतो. त्यामुळे या दोघांतच निवड असेल, तर ब्रीडेड बराच बरा. पण तिथेही रंगाची हौस आड येते. ब्रीडर वेगवेगळे जनुकीय रंगप्रकार तयार करतात, त्यांना ‘मॉर्फ’ म्हणतात. त्यातल्या ‘स्पायडर’ नावाच्या सुंदर मॉर्फसोबत मज्जासंस्थेचा दोष येतो. सापाचं डोकं डुगडुगतं, काहींना भक्ष्यावर नीट नेम धरता येत नाही.

भारतातला कागद

परदेशी सापांसाठी भारतात बरीच वर्षं धड नियम नव्हते. जून २०२०मध्ये केंद्र सरकारनं योजना आणली : तुमच्याकडचे परदेशी प्राणी सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. अनेक सापांच्या कागदाची सुरुवात इथूनच होते. त्याआधी तो साप कसा आला, याचं उत्तर त्या कागदावर नाही.

कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि २०२४मध्ये नोंदणीचे नियम आले. आता बॉल पायथनसारखा प्राणी ताब्यात आला, की ३० दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, साप मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. ‘डीएम कर, कुरिअर करतो’ या व्यवहारात यातलं काहीच नसतं.

चोरटी वाहतूक थांबलेली नाहीच. जून २०२५च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप सापडले. बॅगेतून आलेला साप उद्या कुणाच्या तरी स्टोरीवर ‘ब्रीडेड’ म्हणून झळकला, तर बघणाऱ्याला कसं कळणार?

पंचवीस वर्षांची कमिटमेंट

समजा, सगळे कागद चोख आहेत. तरी हिशेब करा. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस ते तीस वर्षं जगतो. आज तुम्ही एसवायला असाल, तर तो तुमची पहिली नोकरी, तीन-चार भाड्याची घरं आणि कदाचित तुमच्या मुलांची दहावीसुद्धा बघेल. त्याला ठरावीक ऊब आणि दमटपणा लागतो, लाइट गेली तरी. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर मोठ्या शहरांतही मोजकेच. तो महिनोन्‌महिने न जेवता बसू शकतो, ते दुखणं आहे की सवय हे ओळखावं लागतं. आणि फ्रीझरमध्ये आईच्या मटारशेजारी उंदरांचं पाकीट ठेवायची परवानगी मिळवायची, ते वेगळंच.

कंटाळा आला तर? ‘ताम्हिणीत सोडून येऊ’ हे सगळ्यात घातक उत्तर. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर सुटले, सोडले गेले आणि तिथेच वाढले. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अजगरांचा वावर जास्त असलेल्या भागात रकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटल्याचं आढळलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. जंगलातला साप नकोच. पक्क्या कागदांचा ब्रीडेड साप कायद्यानं चालतो, पण हॉस्टेल आणि पीजीच्या वयात तोही नको. सापांचं वेड खरं असेल तर पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान आहे. पावसाळ्यात जाणकारांबरोबर रात्रीची जंगलभ्रमंती आहे, कॅमेरा आहे. घरात साप निघाला तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

तरीही घेणार असाल, तर आधी विचारा :

• परिवेशवर याची नोंदणी आहे का? प्रमाणपत्र बघायला मिळेल?
• याचे आई-बाप कुठे आहेत आणि त्यांची नोंद आहे का?
• हा आत्ता काय खातो? माझ्यासमोर खाऊन दाखवेल?
• हा मॉर्फ कोणता, त्यात काही जन्मजात दोष असतो का?
• मी शहर सोडलं, तर पुढची वीस वर्षं हा कुणाकडे राहणार?

पहिल्या चार प्रश्नांवर विकणारा गडबडला, तर तिथून निघा. पाचव्याचं उत्तर घरच्यांना विचारून या.