वायुउद्योगातील उमेदवारी

वसई तालुक्यातील नंदाखाल गावाहून आगाशीमार्गे अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले असता पश्चिमेस जो समुद्र पसरलेला दिसतो, त्याच्या तळाखाली दूरवर वसईचेच जुने फिरंगी नाव मिरविणारे एक वायुक्षेत्र आहे, ही हकीगत तालुक्यातील फार थोड्या लोकांच्या कानी असेल. मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, तेल व नैसर्गिक वायू आयोगास १९७६ साली हा साठा सापडला आणि त्यास 'बसीन' असे नाव पडले. परंतु त्यापूर्वी दोनच वर्षे, १९७४च्या फेब्रुवारीत, 'सागर सम्राट' या खननमंचाने 'मुंबई हाय'चे तेल शोधून काढले होते, आणि त्या जयजयकारात या दुसऱ्या लाभाकडे सामान्य माणसाचे फारसे लक्ष गेले नाही. वायूही वसईस आला नाही. समुद्रतळावरून दोनशे किलोमीटरांहून लांब अशा नळांतून तो सुरतेजवळील हजिऱ्यास गेला, तेथे त्याची शुद्धी होऊ लागली, आणि पुढे विजयपूर व जगदीशपूर येथवर तो पोहोचविण्याकरिता १९८४ साली 'गेल' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. उत्तर हिंदुस्थानातील खतांचे कारखाने वसईच्या नावाच्या वायूवर चालू लागले, तेव्हा वसईच्या गृहिणींचा सिलिंडरसाठी नंबर लावून बसण्याचा शिरस्ता मात्र होता तसाच राहिला.

आता काळ पालटला आहे. पालघर जिल्हा व ठाण्याचा ग्रामीण मुलूख यांत नळाने वायू पुरविण्याची सनद गुजरात गॅस या कंपनीस मिळालेली आहे. वसई-विरारच्या वसाहतींतून पिवळे नळ भिंतींवरून चढू लागले आहेत. आणि वायूबरोबर रोजगारही दाराशी आला आहे. एके काळी रेल्वे, बँक किंवा शाळा यांपलीकडे ज्याच्या घरच्यांची दृष्टी जात नसे, असा आय.टी.आय. झालेला मुलगा आज फिटर म्हणून, वेल्डर म्हणून, सर्वेक्षक म्हणून किंवा सी.एन.जी. पंपावरील तंत्रज्ञ म्हणून या धंद्यात शिरतो, आणि एखादा नशीबवान चौदा दिवस समुद्रातील फलाटावर व चौदा दिवस घरी अशा पाळीची नोकरी पटकावतो. या नवशिक्यास रुजू होण्यापूर्वी व झाल्यानंतर काय शिकवितात, आणि ते शिक्षण कोणापर्यंत पोहोचते व कोणापर्यंत पोहोचत नाही, याचा विचार वायू वापरणाऱ्या प्रत्येक घराने करण्याजोगा आहे.

कोणत्याही प्रशिक्षणवर्गाचा पहिला पाठ वायूच्या स्वभावाचा असतो, आणि तो तसाच असला पाहिजे. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. त्यास रंग नाही, गंध नाही, आणि हवेच्या मानाने तो बराच हलका असल्यामुळे गळती झाली की तो छताकडे चढतो, तर सिलिंडरमधील वायू जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहतो. म्हणजे वर्षानुवर्षे सिलिंडर वापरून अंगवळणी पडलेले शहाणपण नळाचा वायू आल्यावर निम्मेच उपयोगी पडते. हवेतील त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तरच तो पेट घेतो. यातील वरची मर्यादा ऐकून नवशिका हमखास सुखावतो, कारण १५ टक्क्यांपलीकडे धोका नाही असे त्याला वाटते. तेव्हा त्यास सांगावे लागते की, कोंडलेला वायू बाहेर काढताना तो त्याच घातक टापूतून परत उतरत जाणार आहे. म्हणून वायुमापक यंत्राची घंटा ५ टक्क्यांच्या पुष्कळ अलीकडेच वाजेल अशी तजवीज केलेली असते.

आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो वायूचा नव्हेच; तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो. अमेरिकेत टेक्सास प्रांतातील न्यू लंडन गावी १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेच्या तळघरात गंधहीन वायू साचून जो स्फोट झाला, त्यात सुमारे ३०० मुले व शिक्षक दगावले, आणि त्यानंतरच असा गंध मिसळण्याची सक्ती कायद्याने सुरू झाली. परंतु समुद्रातील कामावर जाणाऱ्यास याच्या नेमका उलट धडा घ्यावा लागतो. बसीनच्या कच्च्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. अल्प प्रमाणात त्यास कुजक्या अंड्यांची दुर्गंधी येते, पण प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करून टाकतो. वास येईनासा झाला म्हणजे संकट टळले, असा समज करून घेणारा माणूस पुढची पायरी चढण्यापूर्वी कोसळतो. म्हणून तेथे नाकावर नव्हे, छातीवर लावलेल्या मापकावर भरवसा ठेवावयास शिकवितात.

समुद्रावर जाणाऱ्यांच्या शिक्षणाची व्यवस्था आपल्याकडे चांगली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दक्षिण गोव्यात बेतूल येथे ओ.एन.जी.सी.ची प्रशिक्षणसंस्था १९८९पासून आहे, आणि तेथेच उभारलेल्या सागरी बचाव केंद्राचे उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. हेलिकॉप्टर पाण्यात पडले तर बाहेर कसे पडावे, हा अशा केंद्रांतील सर्वांत प्रसिद्ध व सर्वांत धसका घेण्याजोगा पाठ होय. हेलिकॉप्टरच्या डब्यासारखा एक सांगाडा, आत पट्ट्यांनी बांधलेल्या उमेदवारांसह, खोल तलावात सोडतात. पाणी छातीशी, हनुवटीशी येते, शेवटचा श्वास घेतला न घेतला तोच सांगाडा पाण्याखाली उलटा होतो, आणि नाकात पाणी शिरलेल्या त्या माणसास वर कोणते व खाली कोणते हे कळेनासे होते. अशा वेळी उपजत बुद्धी सांगते की, पट्टा सोडून निसटावे. शिक्षण सांगते की, पट्टा सोडू नये. एका हाताने खिडकीची चौकट घट्ट धरावी, सांगाड्याचे फिरणे पूर्ण थांबेपर्यंत निश्चल राहावे, मग खिडकी ढकलावी आणि शेवटी पट्टा सोडून, धरलेल्या हाताच्याच दिशेने बाहेर पडावे. जो आधी पट्टा सोडतो तो आतल्या आत तरंगत दिशा हरवून बसतो. ही गोष्ट फळ्यावर लिहून पटत नाही. ती पाण्यातच पटते.

या खबरदारीची किंमत काय, हे मुंबई हायने पाहिलेले आहे. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई आदल्या दिवशीच्या महापुरात बुडालेली असताना, एका जखमी आचाऱ्यास फलाटावर चढविण्याकरिता जवळ आलेले 'समुद्र सुरक्षा' नावाचे जहाज लाटांच्या रेट्याने फलाटास आदळले, समुद्रतळावरून वर येणारा वायूचा नळ फुटला, आणि सुमारे दोन तासांत तो अवाढव्य फलाट जळून नाहीसा झाला. २२ माणसे गेली. पण त्या भर पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रातून ३६२ माणसे वाचली, ही त्या दुर्घटनेची दुसरी बाजू आहे, आणि ती अभ्यासताना सरावाचे मोल ध्यानी येते.

असे असले तरी, उडी मारणे शिकण्याहून उडी मारण्याची वेळ न येऊ देणे अधिक महत्त्वाचे. आणि तेथे या उद्योगातील सर्वांत नीरस वाटणारा विषय पुढे येतो, तो म्हणजे कामाचा परवाना. कोणतेही दुरुस्तीचे काम लेखी परवान्यावाचून सुरू करावयाचे नाही, त्या परवान्यात कोणती यंत्रे बंद ठेवली आहेत याची नोंद करावयाची, आणि पाळी बदलताना तो कागद हातोहात सोपवावयाचा, असा हा जाबता आहे. तरुण इंजिनियरास ही निव्वळ कारकुनी वाटते. त्यास पायपर अल्फाची कैफियत वाचावयास द्यावी. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील या फलाटावर दिवसपाळीच्या लोकांनी एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला, जागी तात्पुरते झाकण बसविले, आणि त्याची माहिती रात्रपाळीच्या अंमलदारांपर्यंत पोहोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडताच त्यांनी हाच पंप चालू केला, आणि १६७ माणसे प्राणास मुकली.

व्यापारी खात्यात रुजू होणाऱ्यांचे वर्ग वेगळे भरतात. वायूचे घनमीटर १५ अंश उष्णतामान व ठराविक दाब गृहीत धरून मोजतात, पण घाऊक सौद्यात किंमत उष्णतेवर ठरते; १६२ अंश शून्याखाली थंड केला की वायू द्रवरूप होऊन सहाशेपट आकसतो व जहाजाने दहेज किंवा दाभोळ येथे उतरविता येतो; जुन्या सरकारी क्षेत्रांतील देशी वायूचा भाव एप्रिल २०२३पासून खनिज तेलाच्या भावाच्या दहा टक्के असा, खालची व वरची मर्यादा घालून, बांधून दिलेला आहे; आणि करारात ठरलेला माल उचला अथवा न उचला, पैसे भरावेच लागतील अशी एक कडक अट असते. हे सारे दोन-तीन दिवसांत समजण्यासारखे आहे, आणि त्यात चूक झाली तर नुकसान फक्त पैशाचे होते.

गल्लीतल्या नळाचे तसे नाही. मोठ्या लोखंडी नळातील वायूचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवून तो चार बारच्या सुमारास आणतात, प्लॅस्टिकच्या नळांतून वस्तीत फिरवितात, आणि स्वयंपाकघरात तो अवघ्या २१ मिलिबारने पोहोचतो. हे प्लॅस्टिकचे दोन नळ जोडण्याच्या कृतीस इलेक्ट्रोफ्यूजन म्हणतात. नळाचे टोक सरळ कापावयाचे. खरवडणीने त्यावरील पातळ थर संपूर्ण वर्तुळभर काढून टाकावयाचा. स्पिरिटने पुसून घेतल्यावर तेथे बोटसुद्धा लावावयाचे नाही. शिकंज्यात दोन्ही टोके एका रेषेत आवळावयाची. दोन्ही टोकांवर बसविलेल्या जोडतुकड्यातील तारेतून ठराविक वेळ वीज सोडावयाची. आणि वितळलेला सांधा थंड होईतो, कितीही घाई असली तरी, शिकंजा सोडावयाचा नाही. खरवडणे टाळलेला सांधा बाहेरून खरवडलेल्या सांध्यासारखाच दिसतो. चाचणीत कदाचित उतरतोही. आणि काही वर्षांनी, पावसाळ्यात जमीन खचली की, सुटतो. त्यातून नंदाखालची जमीन पडली बावखलांची, म्हणजे तळ्यांची, व वाड्यांची. केळीच्या बागेशेजारी मीटरभर चर खणला की पावसाळ्यात तळाशी पाणी झिरपू लागते, आणि ओला सांधा तर कधीच धरत नाही. पाणी उपसून, नळ कोरडा करून, मगच यंत्र लावावयाचे, हे ज्याला शिकविलेले आहे तोच तेथे काम करण्यास लायक.

हे काम करतो कोण? कंपनीचा अधिकारी नव्हे. ठेकेदाराचा, बहुधा पोटठेकेदाराचा माणूस करतो. येथेच आपल्या शिक्षणव्यवस्थेचे तारतम्य उलटे झालेले दिसते. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे सुरक्षिततेचे नियम आहेत, हायड्रोकार्बन क्षेत्राची कौशल्य परिषद आहे, शहरी वायुवितरणातील नळ-फिटरसाठी अभ्यासक्रम व दाखलाही आहे; परंतु पदवीधरास सुसज्ज सभागृहात आठवडा-आठवडा शिकवावे आणि कुदळ धरणाऱ्या मजुरास सकाळी हजेरीच्या वेळी मुकादमाने दहा मिनिटे सूचना सांगून मोकळे व्हावे, हा शिरस्ता मला कधीच पटलेला नाही. त्या सूचनाही पुष्कळदा अशा कागदावरून वाचल्या जातात की, ज्याची भाषा ऐकणाऱ्याची नसते. मे २०२१च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात जो 'पी-३०५' बार्ज बुडाला, त्यावर बहुसंख्येने ठेकेदारांचीच माणसे होती, आणि त्यांतील सत्तराहून अधिक दगावली. शिक्षण ज्याच्या हाती अवजार आहे त्यास प्रथम, त्याच्या भाषेत, आणि प्रत्यक्ष चरात उभे करून दिले पाहिजे. अधिकाऱ्याचा वर्ग महिनाभर लांबला तरी चालेल. काम चुकीचे होत असेल तर ते थांबविण्याचा अधिकार तुला आहे व त्याबद्दल तुझा रोज कापला जाणार नाही, हे वाक्य त्या मजुरास जोवर लेखी मिळत नाही, तोवर बाकीचे प्रशिक्षण अपुरेच म्हणावे लागेल.

नंदाखाल हे हरित वसई चळवळीचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे जन्मगाव. त्या लढ्यात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक योजनेस जाब विचारण्याची सवय येथील लोकांना लागलेली आहे, आणि ती वायूच्या बाबतीतही कामी यावी. नळ टाकण्यास येणाऱ्याकडे गावकऱ्यांनी प्रशिक्षणाचा दाखला मागावा. चर बुजविण्यापूर्वी नळावर इशाऱ्याची पट्टी अंथरली की नाही ते पाहावे. आणि पुढे पाण्याच्या किंवा केबलच्या कामाकरिता तेथेच खणावयाचे झाले तर अगोदर कंपनीस वर्दी द्यावी, ज्यासाठी सरकारने २०२३पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल ॲपही उपलब्ध केले आहे. घरात वास आला तर विजेचे बटण चालू किंवा बंद काहीही न करता दारे-खिडक्या उघडाव्यात, मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा, बाहेर येऊन मगच फोन करावा. आणि तो आणीबाणीचा क्रमांक मीटरवरून उतरवून आजच घरातील सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा जागी लावून ठेवावा.