किडनीचा कर्करोग: कामाची माहितीही डॉक्टरांना सांगा

"तंबाखू नाही, दारू नाही, मग किडनीचा कॅन्सर कसा?" असे नातेवाईक विचारतात, तेव्हा आम्ही रुग्णाच्या जुन्या नोकऱ्या विचारतो. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत धातूच्या सुट्या भागांवरचे तेल-ग्रीस धुण्याचे काम केले असेल, तर त्यासाठी वापरलेल्या रसायनाचे नाव महत्त्वाचे ठरते.

ट्रायक्लोरोइथिलीन हे असेच गोडसर वासाचे द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ते माणसात किडनीचा कर्करोग घडवते, असा निष्कर्ष काढला. ते श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते. त्यापासून तयार होणारे काही पदार्थ किडनीतील सूक्ष्म नलिकांच्या पेशींना इजा करतात. कॅडमियमबाबतचा पुरावा मात्र मर्यादित आहे.

अशा कामगारांपैकी प्रत्येकाला कर्करोग होतो असे नाही. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही कारणे अधिक आढळतात.

ड्रमवरचे लेबल वाचा, त्याचा फोटो काढून ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. लघवीतून एकदाच रक्त गेले, दुखले नाही, तरी तपासणी करून घ्या. ईएसआयचे कार्ड असेल, तर कामाची माहिती केसपेपरवर लिहून घ्या. व्यावसायिक आजाराचा दावा करताना ती उपयोगी पडते.