पत्त्यावरून उत्तर आलं, पण दिलं कोणी?

‘ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे ना, मग सेन्सर जोडला की लिनक्सला तो आपोआप सापडायलाच हवा!’ एम्बेडेड प्रकल्प करणाऱ्यांकडून हे वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येतं. पाठोपाठ सल्लाही येतो: फर्मवेअरची भानगड कशाला, ड्रायव्हरनेच बसवरचे सगळे पत्ते तपासावेत.

हा सल्ला चुकीचा तर आहेच, धोकादायकही आहे. यूएसबी आणि पीसीआय उपकरणं विचारल्यावर स्वतःचा उत्पादक-क्रमांक सांगतात; त्यांनी आपल्याला सवय लावली आहे. असे सेन्सर ज्या आय-टू-सी बसवर बसतात, तिच्यावरच्या बहुतेक चिप असं काही सांगत नाहीत. तिथे पत्ता सात बिटांचा, राखीव सोडले तर जेमतेम ११२ पत्ते उरतात. डीएस३२३१ हे घड्याळ आणि एमपीयू-६०५० हा मोशन सेन्सर, दोघंही हेक्साडेसिमल ६८ वर उत्तर देतात. होकार आला, पण घड्याळाचा की सेन्सरचा?

आणि नुसतं विचारून पाहण्याने काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांनी एलएम-सेन्सर्स प्रकल्पाची जुनी कागदपत्रं वाचावीत. आयबीएमच्या काही थिंकपॅडमध्ये २४आरएफ०८ ही ईईप्रॉम चिप होती. अशा तपासणीने तिच्यातली माहिती बिघडली आणि ते लॅपटॉप सुरू होईनासे झाले.

म्हणून कुठल्या पत्त्यावर काय बसवलंय, हे बोर्ड बनवणाऱ्याने लिहून ठेवायचं: पीसीवर फर्मवेअरमधल्या एसीपीआय तक्त्यांत, एआरएम बोर्डांवर बहुधा डिव्हाइस ट्रीमध्ये. ड्रायव्हर आपल्याला चालवता येणाऱ्या उपकरणांच्या नावांची यादी जाहीर करतो. फर्मवेअरने दिलेलं नाव या यादीशी जुळलं की कर्नल त्या ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन बोलावतो. ड्रायव्हरला ‘फर्मवेअरवरून ओळख’ जोडायची म्हणजे मुख्यतः ही यादी जोडायची. चिपशी बोलणारा कोड तोच राहतो, ड्रायव्हर फर्मवेअरमध्ये जात नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. एसीपीआय फक्त बॅटरी आणि स्लीपपुरतं नाही. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून उपकरणांचं वर्णन हा त्याचा भाग आहे. डिव्हाइस ट्री एआरएमसाठी जन्मलेली नाही. तिचं मूळ ओपन फर्मवेअरमध्ये, स्पार्क आणि पॉवरपीसी यंत्रांवर आहे. फर्मवेअर सांगतं ते नेहमी खरंच असतं, असंही नाही. त्याच्या चुका नोंदवायला लिनक्समध्ये ‘फर्मवेअर बग’ असा वेगळा शिक्काच आहे.

यादीतलं एसीपीआयसाठीचं नाव, म्हणजे एसीपीआय आयडी, मात्र ड्रायव्हर लिहिणाऱ्याने मनाने रचू नये, हे कितीदा सांगायचं! उत्पादकाची आद्याक्षरं यूईएफआय फोरमकडे नोंदवावी लागतात. असे रचलेले आयडी लिनक्सच्या ड्रायव्हरांत शिरले होते, ते नंतर शोधून काढून टाकावे लागले.