शेतांतील नत्र आणि विहिरीचें पाणी

पिकास नत्र हवें, हें आतां कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु शेतांत टाकलेलें सर्व नत्र पिकासच मिळतें, हा समज मात्र खरा नाहीं. उरलेल्या नत्राचें पुढें काय होतें, याचा विचार प्रत्येक बागाईतदारानें करणें अवश्य आहे. कारण तें पुष्कळदां आपल्याच विहिरींत उतरतें.

युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. जमिनींत पडल्यावर थोड्याच दिवसांत युरियाचा अमोनिया बनतो व पुढें सूक्ष्म जंतू त्याचें नायट्रेट करितात. अमोनियाच्या रूपांतील नत्रास मातीचे चिकण कण धरून ठेवितात. नायट्रेटास ते धरीत नाहींत. मुळांनीं तें वेळीं शोषून घेतलें नाहीं, तर जोराच्या पावसाबरोबर किंवा भरमसाट पाटपाण्याबरोबर तें खोल मुरतें. हलक्या, मुरमाड जमिनींत हें लवकर घडतें. उताराच्या शेतांतून कांहीं नत्र तळ्यांत वाहून जातें. तेथें शेवाळ माजतें, आणि तें कुजूं लागलें म्हणजे पाण्यांतील प्राणवायु कमी होऊन मासे मरतात.

आतां थोडा हिशेब पाहूं. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणींत सुमारें २०.७ किलो नत्र असतें. त्याचा केवळ दहावा हिस्सा पाण्यांत उतरला, तरी त्याचें सुमारें ९ किलो नायट्रेट होतें. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावें, असें भारतीय मानक आहे. म्हणजे एवढें नायट्रेट दोन लाख लिटर पाण्यास त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसें आहे!

नायट्रेट पाण्यांत असल्याचें रंगावरून वा वासावरून कळत नाहीं. मोठ्या माणसांस त्याची बाधा सहसा लगेच दिसत नाहीं. परंतु वरच्या दुधावरील तान्ह्या मुलास, त्या दुधांत असें पाणी घातल्यास, तें घातक ठरूं शकतें. नायट्रेटाचें नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते व मूल निळें पडतें. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत डॉ. कॉमली यांनीं १९४५ सालीं विहिरीच्या पाण्याशीं या विकाराचा संबंध दाखविला. पाणी उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें.

यावरील बहुतेक उपाय खर्चाचे नाहींत. युरिया एकदम न देतां पिकाच्या वाढीप्रमाणें दोन-तीन हप्त्यांत द्यावा व मातीआड करावा. मोठ्या पावसाचा रंग दिसत असतां तो टाकूं नये. शेणखतांतील व द्विदल पिकाच्या बेवडांतील नत्र हिशेबांत धरून युरियाची मात्रा कमी करावी. खत दिल्यावर पाणी बेताचें सोडावें. उकिरडा विहिरीपासून दूर ठेवावा. घरांत लहान मूल असल्यास विहिरीचें पाणी प्रयोगशाळेंत अवश्य तपासून घ्यावें.

पिकास न लागलेल्या खताचे पैसे तर वायां जातातच. परंतु तेंच खत घरच्या पाळण्यापर्यंत पोहोंचूं नये, एवढी दक्षता आपल्या हातीं आहे.