कपबशी का थरथरते?

सकाळी टपरीवर एखाद्याच्या हातातली कपबशी किणकिणते, चहा बशीत सांडतो. लोक म्हणतात, ‘रात्रीची उतरली नाही अजून.’ खरं तर उलट असतं. ती उतरली म्हणूनच हात कापतो.

मेंदूत कायम रस्सीखेच चालू असते. एक बाजू शांत करणारी, दुसरी चेतवणारी. दारू शांत बाजूला जोर लावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू मग तोल राखायला दुसऱ्या बाजूचे गडी वाढवत जातो. आणि एके दिवशी दारू अचानक दोर सोडते. समोरचे सगळे गडी एकदम ओढतात! काही तासांत थरथर, घाम. पहिल्या दोन दिवसांत कधी फिट. नंतर कुणाला भ्रम, अंगावर किडे फिरल्याचे भास. यात जीवही जाऊ शकतो.

म्हणूनच ‘खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ हा घरगुती सल्ला मला फार धोक्याचा वाटतो. डॉक्टर शांत बाजूला औषधाचा आधार देतात, तो काही दिवसांत हळूहळू काढतात. सोबत बी-१ जीवनसत्त्व. पुढचं काम समुपदेशनाचं. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात घरच्यांनाही त्यात सामील करून घेतात. हाताची थरथर बहुधा आठवड्याभरात थांबते; झोपेची घडी बसायला मात्र कित्येकदा महिने लागतात.