नौकेतील शौचकूप आणि मिठाचे पाणी

एका संडासामुळे पाणबुडी बुडाली असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण ही घटना खरी आहे. १४ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीची यू-१२०६ ही पाणबुडी स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदरासमोर सुमारे साठ मीटर खोलीवर होती. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब जवळजवळ एका वातावरणाने वाढतो. म्हणजे बाहेरचे पाणी पाणबुडीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सहा किलोग्रॅम वजनाइतका जादा दाब देत होते. एवढ्या दाबाविरुद्ध मैला बाहेर ढकलणारा नव्या पद्धतीचा शौचकूप या पाणबुडीत बसवला होता. त्याच्या झडपा ठरावीक क्रमानेच उघडाव्या व मिटाव्या लागत. त्या दिवशी क्रम चुकला आणि समुद्र आत आला. चूक नेमकी कोणाची, याविषयी निरनिराळ्या हकिकती आहेत. ती खुद्द कप्तानानेच केली असेही सांगतात, परंतु त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार तो त्या वेळी इंजिनापाशी होता. ते काही असो. पाणी खालच्या बॅटऱ्यांपर्यंत पोचले, क्लोरीन वायू सुटला आणि पाणबुडीला पृष्ठभागावर यावे लागले. तेथे शत्रूच्या विमानांनी तिला गाठले व शेवटी खलाशांनीच ती बुडवली. त्यात काही जणांचा जीव गेला.

ही हकिकत मला आठवली ती काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीत. माझा मावसभाऊ अमेरिकेत मेरिलँड राज्यात असतो. त्याने नऊ मीटर लांबीची एक जुनी शिडाची नौका घेतली होती. शनिवार-रविवार तो, त्याची पत्नी व दोन मुले तिच्यावरच मुक्कामाला असत. नौकेतील शौचकूप मोडकळीला आला होता. तो काढून नवा बसवायचा आणि त्याला मैला शुद्ध करणारे छोटे यंत्र जोडायचे, असा त्याचा बेत होता. “दादा, तू फिजिक्स शिकवतोस ना, मग ये मदतीला,” असे म्हणून त्याने माझ्या हातात पाना दिला. त्या चार दिवसांत मी जे शिकलो, ते वर्गातल्या फळ्यावर इतक्या वर्षांत शिकलो नव्हतो.

इंग्रजी बोलणारे खलाशी शौचकूपाला ‘हेड’ म्हणतात, म्हणजे डोके. जुन्या शिडाच्या जहाजांना वारा बहुधा मागून लागे. म्हणून संडासाची जागा अगदी पुढे, जहाजाच्या डोक्याशी असे. दुर्गंध वाऱ्याबरोबर पुढे निघून जाई आणि लाटा जागा धुऊन काढीत. खुल्या समुद्रावर त्यात कोणाचे फारसे बिघडत नसे. उथळ खाडीत शेकडो नौका नांगर टाकून उभ्या राहतात, तेव्हा मात्र गोष्ट वेगळी होते. एक ग्रॅम विष्ठेत कोट्यवधी जंतू असतात. मावसभावाची नौका ज्या चेसापीक उपसागरात असते, तो कालवांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या कोकणातल्या खाड्यांतील कालवांप्रमाणेच तीही पाणी गाळून त्यातले अन्नकण खातात. पाण्यात कावीळ किंवा हगवण यांचे जंतू व विषाणू असले तर तेही कालवांच्या अंगात साठतात आणि कच्ची कालवे खाणाऱ्याच्या पोटात जातात. तेव्हा प्रश्न नुसत्या घाणीचा नव्हता.

आता घरातला संडास आणि नौकेतला संडास यांत मूळ फरक कोणता? घरात मैला उताराने खाली जातो. नौकेत भांडे जलरेषेच्या आसपासच असते, कधी तिच्याखालीही. म्हणून तेथे हातपंप लागतो. नौकेच्या तळाला भोक पाडून बसवलेल्या एका तोटीतून समुद्राचे पाणी आत ओढायचे, आणि दुसऱ्या तोटीतून मैला बाहेर ढकलायचा. म्हणजे एका शौचकूपासाठी नौकेच्या बुडाला दोन भोके!

रॉकेलच्या पिपात रबरी नळी घालून, दुसरे टोक तोंडाने ओढून खालच्या डब्यात सोडलेले तुम्ही पाहिले असेल. एकदा धार लागली की ती आपोआप चालू राहते. हीच वक्रनलिका, म्हणजे सायफन. नौकेत पीप म्हणजे समुद्र आणि डबा म्हणजे शौचकूपाचे भांडे. भांड्याची कड जलरेषेखाली २० सेंटिमीटर आहे आणि पंपाची झडप कचरा अडकून अर्धवट उघडी राहिली आहे, असे समजा. पाण्याचा वेग २ × ९.८ × ०.२ याच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन मीटर येतो. आत येणाऱ्या नळीचा आतला व्यास १९ मिलिमीटर असतो. त्यावरून सेकंदाला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी येईल. नळीतील घर्षणामुळे ते निम्मे झाले असे धरले तरी तासाला सुमारे एक हजार लिटर, म्हणजे एक टन! रात्री सगळी झोपलेली असताना ही धार लागली तर पहाटेपर्यंत काय होईल, त्याचा हिशेब तुम्हीच करा. बंदरात उभ्या असलेल्या नौका बुडण्याच्या कारणांत हे एक नेहमीचे कारण आहे.

यावर उपाय फार सोपा आहे. नळीला जलरेषेच्या बरेच वर नेऊन उलट्या ‘यू’सारखे वळण द्यायचे आणि वळणाच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप बसवायची. नळीतले पाणी खाली खेचले जाऊ लागले की माथ्यावरचा दाब वातावरणापेक्षा कमी होतो, झडप उघडते, हवा शिरते आणि पाण्याची साखळी तुटते. पाणी आत घेणाऱ्या नळीवर हे वळण पंप आणि भांडे यांच्यामध्ये असावे लागते. पंपाच्या आधी ठेवले तर पंप पाण्याऐवजी हवाच ओढत बसतो.

येथे माझे प्राध्यापकपण उघडे पडले. कपाटामागे, नौकेच्या उजव्या अंगाला छान रिकामी जागा होती. जलरेषेच्या ३० सेंटिमीटर वर मी वळण पक्के केले आणि समाधानाने हात पुसले. मावसभाऊ थोडा वेळ बघत राहिला व म्हणाला, “दादा, ही शिडाची नौका आहे. ही कलते.” मी कागद घेतला. वळण नौकेच्या मध्यरेषेपासून १.२ मीटर दूर होते. नौका २५ अंशांनी कलली की ते १.२ × साइन २५°, म्हणजे जवळजवळ ५० सेंटिमीटर खाली जाणार. तीसातून पन्नास गेले की वळणाचा माथा पाण्याच्या पातळीखाली! ज्या झडपेने नौका वाचवायची, ती नेमकी वारा जोरात असतानाच निकामी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते वळण काढून मध्यरेषेजवळच्या आडभिंतीवर, हात पोचेल तितके उंच नेले. त्रिकोणमिती कशाला शिकायची असे विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी आता हे गणित घालतो.

मग यंत्राकडे वळलो. त्याची पेटी पाण्याच्या लहान पिंपाएवढी. तिच्यात दोन कप्पे असतात. पहिल्यात फिरणारी पाती मैला बारीक करतात. दुसऱ्यात धातूच्या पट्ट्या असतात. त्या टायटॅनियमच्या असून त्यांवर मौल्यवान धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असतो. साधे लोखंड तेथे पाहता पाहता झिजून जाईल. या पट्ट्यांना बॅटरीची वीज जोडली की समुद्राच्या पाण्यातील मिठाचे विद्युत-विच्छेदन होते. धनाग्रावर क्लोरीन सुटतो, तो पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते जंतूंना मारते. पावसाळ्यात गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तेच हे रसायन. फरक इतकाच की येथे औषध विकत आणायचे नसते. ते समुद्रातच असते. प्रत्येक वेळी पंप मारला की नवा मैला आधीच्या शुद्ध झालेल्या पाण्याला पुढे ढकलतो आणि ते बाहेर पडते.

क्लोरीन किती तयार होतो? पट्ट्यांतून २० अँपिअर प्रवाह दोन मिनिटे गेला असे धरू. विद्युतभार झाला २,४०० कूलोम. फॅरडेच्या नियमाप्रमाणे ९६,५०० कूलोम भाराने ३५.५ ग्रॅम क्लोरीन मिळतो. म्हणून येथे जास्तीत जास्त ०.९ ग्रॅम. चार लिटर पाण्यात ते लिटरमागे सुमारे २२० मिलिग्रॅम होतात. आपल्या नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला तरी पुरतो, हे ध्यानात घ्या. पण मैल्यातील सेंद्रिय पदार्थ हा क्लोरीन भराभर खाऊन टाकतात, म्हणून तो एवढा लागतो. काम झाल्यावर त्यातला बहुतेक क्लोरीन पुन्हा क्लोराइड बनतो, म्हणजे जेथून आला तेथेच जातो. थोडा भाग मात्र सेंद्रिय पदार्थांना चिकटून नको असलेली संयुगे तयार करतो. ऋणाग्रावर त्याच वेळी पाव लिटरहून थोडा अधिक हायड्रोजन सुटतो. तो पेटणारा वायू आहे, म्हणून त्याला बाहेर जायला वाट ठेवावी लागते.

पट्ट्या आणि पाती मिळून यंत्राला सुमारे ४० अँपिअर लागतात. बॅटरी यंत्रापासून पाच मीटर दूर होती, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तार. आम्ही हाताशी होती ती ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जोडली. यंत्राने दोनदा गुरगुर केली आणि लाल दिवा लागला. विद्युतदाब अपुरा! तारेचा रोध ०.०२८ ओहम. वर्गात आपण असला रोध नगण्य म्हणून सोडून देतो. परंतु ४० ने गुणले की १.१ व्होल्ट होतात, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीला त्याची उणीव भासते. शिवाय ४५ वॉट उष्णता तारेतच. हात लावला तर तार चांगलीच तापली होती. २५ चौरस मिलिमीटरची जाड तार आणि बॅटरीजवळ एक फ्यूज बसवल्यावर दिवा हिरवा झाला. एवढा मोठा प्रवाह असूनही एका वेळचा खर्च पावणेदोन अँपिअर-तासांपेक्षा जास्त नाही, कारण काम अडीच मिनिटांत उरकते.

तरी एक अडचण होतीच. खुल्या समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. चेसापीकमध्ये मोठमोठ्या नद्या येऊन मिळतात. तेथे वरच्या भागात कुठे दहा, कुठे पाच ग्रॅम, आणि वसंतात बर्फ वितळले की त्याहूनही कमी. कमी मीठ म्हणजे कमी आयन, म्हणून प्रवाह कमी आणि क्लोरीनही कमी. त्यासाठी मिठाच्या द्रावणाची वेगळी टाकी जोडावी लागली. समुद्रावरच्या नौकेत पोतेभर मीठ चढवताना शेजारच्या नौकेवरचे आजोबा आमच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत होते.

अमेरिकेच्या १९७२ च्या जलशुद्धी कायद्यामुळे किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडता येत नाही. अशा यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतील कोलिफॉर्म जंतू १,००० हून अधिक असू नयेत व डोळ्यांना दिसणारे तरंगते घन कण नसावेत, असा दंडक आहे. मोठ्या जहाजांसाठी मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट २००३ पासून लागू आहे.

पण जंतू मेले म्हणजे सगळे झाले का? मैल्यातील नायट्रोजन क्लोरीनने नाहीसा होत नाही. तो शेवाळाचे खत होतो. शेवाळ माजते, मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. शेतांतून व शहरांतून येणाऱ्या नायट्रोजनापुढे नौकांचा वाटा लहान आहे हे खरे. परंतु नौका उभ्या राहतात त्या नेमक्या उथळ, संथ पाण्यात. म्हणून ऱ्होड आयलंड राज्याने १९९८ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंडने २०१८ मध्ये शुद्ध केलेला मैलासुद्धा सोडायला बंदी केली. तेथे तो टाकीत साठवून बंदरावरच्या पंपाने उपसून द्यावा लागतो. मावसभावाला मी तशी टाकी बसवायचा आग्रह केला. यंत्र कितीही आवडले तरी अरुंद खाडीत टाकीच बरी, असे माझे मत आहे. त्याने पलंगाखालची जागा देऊन ती बसवली. त्याची पत्नी अजून त्या जागेबद्दल हळहळते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी एक सूचना तेवढी दिली. या नळ्यांत मूत्रातील क्षारांचा व समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियमचा दगडासारखा थर बसतो आणि तो काढायला नौकावाले व्हिनेगर ओततात. मात्र यंत्रात क्लोरीनचे पाणी असताना त्यात आम्ल पडले तर क्लोरीन वायू होऊन बाहेर येतो. बंद खोलीत तो यू-१२०६ वरच्यासारखाच घातक. घरी संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका असे सांगतात, त्याचे कारणही हेच.

वक्रनलिकेचा प्रयोग तुम्ही घरी करून पाहा. एक बादली उंच ठेवा, दुसरी खाली. मीटरभर रबरी नळी पाण्याने भरून धार लावा, आणि नळीचे वळण बादलीच्या कडेच्या वीतभर वर धरा. आता त्या माथ्यावर दाभणाने भोक पाडा. पाणी त्या भोकातून बाहेर उडेल असे बहुतेकांना वाटते. काय होते ते पाहा, आणि मग तेच भोक वळणाऐवजी नळीच्या खालच्या टोकाजवळ पाडून पाहा.